रत्नागिरीतली हाफ मॅरेथॉन : रूट बघून आलो, भाट्ये घाटीचं काय करायचं?

खाडीकाठ
नमस्कार मंडळी. जानेवारीत रत्नागिरीत हाफ आहे, नाव घालून टाकलंय, पावती अजून घरात दाखवलेली नाही. रूट कळला तसा मी तो आधी स्कूटरवरून आणि मग पायी, तुकड्यातुकड्यांत, बघून आलो. ज्यांनी नाव घातलंय त्यांच्यासाठी लिहितो, प्रश्न शेवटी आहे.

सुरुवात थिबा राजवाड्याजवळ. तिथून राजीवड्याकडे उतार, पाय आपोआप सुटतात, आणि सगळे इथेच जोरात पळणार हे आत्ताच सांगून ठेवतो. मग भाट्ये पूल. पूल सपाट, खाडीवरचा गार वारा, पण गाळ्यांच्या जोडांवर लक्ष ठेवा, पहाटे दव पडलं की तिथे बूट सरकतो. पूल संपला की उजव्या हाताला सुरूचं बन, पुढे झरी विनायक, इथपर्यंत सगळी मजा. नंतर भाट्ये घाटी. वळणं घेत घेत वर जाते आणि प्रत्येक वळणावर वाटतं की झालं, संपली, आणि ती संपलेली नसते. वर सडा, म्हणजे कातळाचं पठार, दोन्ही बाजूंना आंब्याच्या कलमांच्या बागा, कसोप-फणसोपचे फाटे, रस्ता सपाट दिसतो पण नाहीये, बारीक बारीक चढउतार आहेत. गोळपच्या अलीकडे यू टर्न आणि त्याच रस्त्याने परत. म्हणजे सकाळी ज्या उतारावर पाय सुटले होते तोच शेवटच्या दोन-अडीच किलोमीटरला चढ होऊन समोर उभा.

मी आत्ता १० किमी आरामात पळतो. सव्वादोन तासांत संपवायची इच्छा आहे, म्हणजे किलोमीटरला ६ मिनिटं २४ सेकंद. प्रश्न साधा आहे, घाटी पळत चढायची की चालत? आणि दसऱ्यापासून जानेवारीपर्यंत नोकरी सांभाळून तयारी कशी करायची?

तव्यावरची_भाकरी
घाटी रिक्षाने. वर भेटू.

पायवाट
खाडीकाठ, रूट छान लिहिलायस. मी त्या रस्त्यावर बरीच वर्षं पळते, म्हणून थोडं लांबण लावते.

पहिली गोष्ट, ६:२४ हा आकडा डोक्यातून काढ. तो सपाट रस्त्याचा सरासरी आकडा आहे आणि ह्या रूटवर सपाट म्हणजे पूल आणि सुरूबनासमोरचा तुकडा एवढंच. घाटीत साडेसात-आठने गेलास तरी काही बिघडत नाही, उतरताना थोडं परत मिळतं. सगळं नाही मिळत हेही लक्षात ठेव, चढावर जेवढा वेळ जातो तेवढा उतारावर कधीच परत येत नाही. घड्याळाकडे न बघता श्वासाकडे बघ. घाटीत एक अख्खं वाक्य बोलता येतंय, मधे एकदा दम घेऊन, तर बरोबर चाललंय. दोन शब्दांच्या पुढे जाता येत नसेल तर तू गोळपची ताकद भाट्यात खर्च करतोयस.

दुसरी गोष्ट, ह्या रूटची खरी परीक्षा घाटी नाहीच. पुलावरून परत आल्यावरचा राजवाड्याकडचा चढ आहे, कारण तो अठरा-एकोणीस किलोमीटर पायात असताना येतो. तयारी त्याची करायची. लांब रन संपवताना मुद्दाम चढावर संपवायचा. राजीवड्यातून वर येऊनच थांबायचं, खाली थांबून रिक्षा करायची नाही (भाकरी, हे तुला).

तव्यावरची_भाकरी
ताई, मी कुठे म्हटलं मी थांबणार आहे, मी बसूनच होतो.

मालवणी_झिल
घाटी चालत चढलंस तर कोण तुका फाशी देवचो नाय रे. आमच्याकडे घाटी चढतानाच गजाली होतत, पळतलो कोण?

शेरेबहाद्दर
पुण्याहून लिहितोय, मग लगेच 'आले पुणेकर' म्हणू नका. पण मॅरेथॉनला 'पळण्याची' शर्यत म्हणतात. चालायचं असेल तर पंढरीची वारी आहे, ती जास्त पुण्याची. मी सिंहगड रोडला राहतो, दर आठवड्याला चढ पळतो, हळू का होईना पण पळतो. एकदा चाललात की डोकं पुढच्या प्रत्येक चढाला परवानगी मागायला लागतं, आणि तुम्हीच सांगितलेल्या शेवटच्या चढावर ती मिळतेच. म्हणून माझं मत: कितीही हळू, पण पळा.

पायवाट
शेरेबहाद्दर, जेफ गॅलोवे माहीत असतील. १९७२च्या ऑलिंपिकला अमेरिकेकडून १०,००० मीटर पळालेला माणूस, त्यानेच पळणं-चालणं-पळणं ही पद्धत लोकांपर्यंत नेली. ठरवून चालणं आणि दमून चालणं ह्यात फरक आहे. दमल्यावर जो चालतो तो परत पळत नाही हे मान्य, पण ठरवून वळणाच्या आतल्या बाजूला तीस-चाळीस पावलं चालून परत सुरू झालेला माणूस बहुतेकदा तुमच्यासारख्यांना सड्यावर मागे टाकतो.

शेरेबहाद्दर
'तुमच्यासारख्यांना' हे वैयक्तिक झालं :)

गुडघ्याची_वाटी
फिजिओथेरपी करते म्हणून बोलते. सगळे चढावर बोलताहेत, उताराचं कोणी बोलत नाही. माझ्याकडे शर्यतीनंतर येणारी माणसं चढामुळे येत नाहीत. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू लांबत असताना ब्रेक लावत असतो, त्याला त्याची सवय नसली तर स्नायूच्या तंतूंना बारीक इजा होते आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी माणूस जिना उलटा उतरतो. ह्या रूटवर घाटी उतरणं साधारण चौदा-पंधरा किलोमीटरच्या पुढे येतंय, म्हणजे मांड्या आधीच थकलेल्या, आणि त्यानंतर परत चढ. वाईट जागा आहे ती.

चांगली बातमी अशी की हा स्नायू पटकन शिकतो. एकदा नीट उताराचा सराव झाला की पुढचे काही आठवडे त्याचं संरक्षण टिकतं. म्हणून महिन्यातून दोन वेळा तरी घाटी वरून खाली नीट पळा, आणि शेवटचा असा सराव शर्यतीच्या दोन-तीन आठवडे आधी उरका, आदल्या आठवड्यात नको. उतरताना पावलं छोटी, जलद, पाय अंगाच्या खाली पडला पाहिजे, पुढे टाच आपटत नाही. आणि मागे रेलून उतरू नका, ते ब्रेक लावणंच आहे.

अजून एक, आपले रस्ते मधे फुगीर आणि कडेला उतरते असतात. कायम एकाच कडेने पळाल तर एक पाय सतत खाली पडतो आणि गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूची पट्टी धरते. सरावाला जाता-येता कडा बदला, गाडी बघून.

डोंबिवलीचा_चाकरमानी
गाव फणसोपजवळ, पोट डोंबिवलीत. मुंबईत चढ शोधायचा म्हणजे उड्डाणपूल. मुंबईच्या जानेवारीतल्या मॅरेथॉनला पेडर रोडचा चढ शेवटाकडे येतो, त्याची भीती घालून घालून लोकांनी त्याला हिमालय केलाय. पायवाटताईंचं म्हणणं तिथे मला पटलेलं आहे, चढ किती मोठा ह्यापेक्षा तो कुठल्या किलोमीटरला येतो ते बघा. मी सकाळी साडेचारला पुलावर वर-खाली करतो, वॉचमन रोज विचारतो 'साहेब काही हरवलंय का'.

प्रश्न: लोकलने तास-दीड तास उभं राहून प्रवास हा क्रॉस ट्रेनिंगमध्ये (म्हणजे पळण्याशिवायच्या व्यायामात) धरता येतो का?

गुडघ्याची_वाटी
धरा, पण दरवाजात लटकून नको.

मोजपट्टी
एक तांत्रिक गोष्ट, कारण शर्यतीनंतर दर वेळी तेच भांडण होतं की 'माझ्या घड्याळात २१.३ आलं, आयोजकांनी जास्त पळवलं'. हाफ म्हणजे २१.०९७५ किमी. प्रमाणित मार्ग सायकलने मोजतात, पुढच्या चाकाला जोन्स काउंटर नावाचं छोटं यंत्र असतं, आधी फीत लावून मोजलेल्या सरळ अंतरावर सायकल चालवून ते जुळवून घेतात. मोजताना वळणं कापत, पळणाऱ्याला मिळू शकणारा सगळ्यात लहान रस्ता धरतात, आणि मार्ग चुकूनही कमी भरू नये म्हणून वर हजारात एक ह्या हिशेबाने अंतर वाढवतात, म्हणजे हाफला साधारण २१ मीटर. आता भाट्ये घाटीत तुम्ही प्रत्येक वळण बाहेरून घेतलंत, पाण्याच्या टेबलाकडे तिरके गेलात, तर जास्त तुम्हीच पळालात. वर जीपीएस झाडाखाली आणि कड्याच्या आडोशाला इकडेतिकडे उड्या मारतं ते वेगळंच. तिथल्या चढाची उंची पाच जणांच्या घड्याळात पाच वेगळी येते, त्यावर वाद घालू नका.

सरावाला फायदा काय: वळणं आतून कशी घ्यायची ते आत्तापासून बघून ठेवा. मात्र घ्यायची शर्यतीच्या दिवशीच, रस्ता बंद असताना. सरावाला आतून घ्याल तर समोरून पावस गावची एसटी येईल.

खाडीकाठ
मोजपट्टी काका, हे मला खरंच माहीत नव्हतं. म्हणजे घड्याळात २१ झाले तरी कमान समोर दिसत नाही, ह्याची आत्ताच मनाची तयारी करतो.

कलमवाला
त्या सड्यावर माझी बाग आहे म्हणून लिहितोय, मी पळत नाही, मी फवारणी करतो. मोहोर यायला लागला की नोव्हेंबरपासून जानेवारीपर्यंत रस्त्याच्या दोन्ही बाजूंना फवारण्या चालू असतात, आणि आम्ही पण पहाटेच करतो कारण वारा नसतो. म्हणजे तुम्ही आणि आम्ही एकाच वेळी. पंपाचा आवाज आला आणि वास आला तर तोंड उघडं टाकून खोल श्वास घेत तिथून जाऊ नका, थांबा, फडकं बांधा, नाहीतर परत फिरा. गेल्या मोसमात एक ग्रुप थेट धुक्यातूनच गेला, त्यांना वाटलं दव आहे. शर्यतीच्या दिवशी आसपासच्या बागवाल्यांनी सकाळी बंद ठेवावं असं मी बोलून बघतो, पण कोणी आधी सांगितलं तर. रस्ता बंद असणार हे आम्हाला दर वेळी आदल्या दिवशी कळतं.

पायवाट
हे फार कामाचं सांगितलंत दादा. एवढी वर्षं पळून मीपण फक्त नाक दाबून पुढे जाते.

तव्यावरची_भाकरी
कलमवाले, शेवटच्या चढाला पेटी ठेवा बक्षीस म्हणून. हापूस दिसला तर मी पण पळेन.

कलमवाला
जानेवारीत हापूस? मोहोर बघून पळ.

घामाघूम
मी चिपळूणची. माझा प्रश्न वेगळाय, पुण्याला थंडीत १६ किमी सहज होतात आणि इकडे आले की १० ला जीव जातो, वेग तोच. का?

गुडघ्याची_वाटी
दमट हवा. घाम येऊन उपयोग नसतो, तो वाळला तर अंग थंड होतं. किनाऱ्यावर हवेतच एवढी वाफ की घाम नुसता टपकतो. मग शरीर जास्त रक्त कातडीकडे पाठवतं, पायांना कमी उरतं, त्याच वेगाला ठोके वाढतात. सवय व्हायला साधारण दोन आठवडे लागतात. शर्यतीच्या आदल्या रात्री घाटावरून उतरणाऱ्यांनी आपला तिकडचा वेग इकडे आणू नये. शेरेबहाद्दर, ऐकताय ना.

शेरेबहाद्दर
ऐकतोय. लिहूनही घेतलं.

मालवणी_झिल
वाऱ्याचा पण सांगतंय. थंडीत पहाटे मतलई वारो जमनीवरसून समुद्राकडे येता, तो सुको. दहा-अकरा वाजले काय खारो वारो उलटो सुरू. सव्वादोन तासवाल्यांका खारो वारो गावचोच नाय, तीन-साडेतीन तासवाल्यांका ऊन आणि चिकचिक दोन्ही.

पायवाट
बरोबर. जानेवारीत सूर्यच सात वाजून गेल्यावर उगवतो, त्यामुळे सहाला सोडलं तर पहिला तास जवळजवळ अंधारातच. अंधारात वेग कळत नाही, आणि सुरुवातीलाच उतार आहे.

घामाघूम
आणि पाण्याचं? मी एका शर्यतीला (नाव घेत नाही, गावही सांगत नाही) शेवटून पळत होते तर तेराव्या किलोमीटरनंतर टेबलं रिकामी, पेले रस्त्यावर, आणि स्वयंसेवक मुलं फोटो काढत होती. तेव्हापासून स्वतःची बाटली कमरेला.

गुडघ्याची_वाटी
बाटली ठेव, पण नुसतं पाणी ढोसू नकोस. दोन-तीन तास घाम गाळत भरमसाट साधं पाणी प्यायलं की रक्तातलं सोडियम खाली जातं, डोकं दुखतं, मळमळतं, आणि माणूस समजतो पाणी कमी पडलं म्हणून अजून पितो. तहान लागेल तसं घोट घोट. ओआरएसचं पाकीट त्यावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात, अर्ध्या बाटलीत अख्खं पाकीट नाही. घरी करायचं तर १ लिटर पाण्याला ६ सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा छोटा चमचा मीठ.

डोंबिवलीचा_चाकरमानी
आमची आजी कोकम सरबतात मीठ, साखर, जिरं घालायची. ते चालेल का?

गुडघ्याची_वाटी
चालेल, पण आधी लांब रनला पिऊन बघा. आंबट सगळ्यांच्या पोटाला झेपत नाही. शर्यतीच्या दिवशी नवीन काही नाही, ना सरबत ना बूट ना मोजे.

मालवणी_झिल
सोलकढी?

गुडघ्याची_वाटी
शर्यत झाल्यावर. जेवणाबरोबर. बसून.

खाडीकाठ
विषय निघालाच आहे तर, शर्यतीनंतर खायला कुठे जायचं? मला घावणे-चटणी पाहिजे.

कलमवाला
गोळपला आमच्या घरी या. पण परत पळत यायला लागेल.

वाळूत_पाय
भाट्ये किनाऱ्यावर सराव केला तर चालेल का? मी तिथेच पळतो, रस्त्यावर वाडीतली कुत्री मागे लागतात.

पायवाट
चालेल, ओहोटीला ओल्या घट्ट वाळूवर. कोरड्या वाळूत पोटऱ्या भरून येतात, आणि किनारा समुद्राकडे उतरता असतो म्हणून जेवढं जाल तेवढंच त्याच कडेने परत या. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास पहाटे ओहोटी मिळते, मग रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते, त्याप्रमाणे दिवस धरा. पण सगळा सराव वाळूत नको, शर्यत डांबरावर आहे. कुत्र्यांसाठी पळणं थांबवून चालायचं. पळणाऱ्याच्याच मागे लागतात ती.

शेरेबहाद्दर
बघा, कुत्रीसुद्धा चालणाऱ्यांना किंमत देत नाहीत.

पायवाट
:) घ्या.

खाडीकाठ, तुझा दुसरा प्रश्न राहिलाच. नोकरी आहे तर आठवड्याला चार दिवस पुरे. दोन दिवस चाळीस-पन्नास मिनिटं एकदम आरामात, गप्पा मारता येतील असं, आणि हे खरंच आरामात, लोक इथेच मार खातात, हळू पळायच्या दिवशी जोरात आणि जोरात पळायच्या दिवशी दमलेले. एक दिवस चढ. ऑफिसनंतर राजीवड्याचा चढ एक-दीड मिनिट दमदार वर, चालत खाली, सुरुवातीला चार वेळा, नोव्हेंबरअखेर आठपर्यंत. रविवारी लांब, १० वरून दर आठवड्याला एक-दीड किलोमीटर वाढव, दर चौथ्या रविवारी कमी कर, डिसेंबरच्या मध्यापर्यंत १८. त्यातले दोन-तीन रविवार खऱ्या रूटवर घाटीसकट. शेवटचे दोन आठवडे अंतर कमी करत आण. आठवड्यातून दोनदा घरातच स्क्वॉट, एका पायावर उभं राहणं, पायरीवर टाचा वर-खाली, पंधरा मिनिटं. ऑक्टोबरची उष्णता आहे तोवर साडेपाचच्या आत बाहेर पड आणि वेगाचं मनावर घेऊ नकोस. दिवाळीत फराळ खा, रन चुकला तर चुकला, त्याची भरपाई पुढच्या आठवड्यात दुप्पट पळून करायची नाही.

तव्यावरची_भाकरी
यात चिवड्याचा दिवस कुठला?

खाडीकाठ
(बऱ्याच दिवसांनी वर काढतोय.) ताईंच्या वेळापत्रकावर दिवाळी पार पडली. आता मूळ प्रश्नाचं. एका रविवारी घाटी अख्खी पळत चढलो, पुढच्या वेळी वळणावळणाला ठरवून चालत. घाटीच्या माथ्यावर फरक एक मिनिटाच्या आतबाहेर, पळताना पुढे. पण पळत चढलो त्या दिवशी सड्यावर पहिले दोन किलोमीटर नुसता श्वास गोळा करण्यात गेले, आणि शेवटी राजीवड्यातून वर येताना पाय उचलत नव्हता. चालत चढलो त्या दिवशी वरचा सडा मस्त गेला आणि शेवटचा चढ हळू पण न थांबता झाला. मी चालणार.

शेरेबहाद्दर
दोन रविवार, झोप वेगळी, वारा वेगळा, जेवण वेगळं, आणि दुसऱ्या वेळी पाय पहिल्यापेक्षा तयार. ह्याला पुरावा म्हणत नाहीत. तुम्ही चाला, मी पळणार, आणि मी पण नाव घातलंय हे आत्ता सांगतो.

पायवाट
वा! मग आदल्या दिवशी नको, दोन दिवस आधी या. आणि उतारावर सांभाळा, सिंहगड तुम्ही चढता पळत, पण उतरता गाडीतून, असं माझं ऐकीव ज्ञान आहे.

शेरेबहाद्दर
कोणी सांगितलं?

मोजपट्टी
प्रश्नाला उत्तर न देणं म्हणजे होकार.

कलमवाला
बागवाल्यांशी बोललो. तिघे-चौघे त्या सकाळी पंप बंद ठेवायला तयार आहेत, बाकीच्यांना आयोजकांनी येऊन सांगावं असं म्हणतायत, आणि ते बरोबरच आहे. कोणाची आयोजकांकडे ओळख असेल तर हा निरोप पोचवा, डिसेंबरच्या आत.

घामाघूम
मी पोचवते, माझी मैत्रीण स्वयंसेवकांच्या यादीत आहे. पाण्याचं पण तिला सांगते, शेवटून येणाऱ्यांसाठी पेले राखून ठेवा म्हणून.

खाडीकाठ
येत्या रविवारी पूर्ण घाटीसकट रन आहे, कोण कोण? पहाटे ५ ला भाट्ये पुलाच्या शहराकडच्या टोकाला. डोक्याला लावायची बॅटरी आणा, पाठीवर चमकणारी पट्टी असलेलं काहीतरी घाला, आणि पुलावर एका रांगेत. डोंबिवलीचे चाकरमानी, तुम्ही आहात का गावात?

डोंबिवलीचा_चाकरमानी
शनिवारी रात्रीच्या गाडीचं तिकीट वेटिंगवर आहे. कन्फर्म झालं तर स्टेशनवरून थेट पुलावर.

मालवणी_झिल
माका चढ नको. मी सुरूच्या बनात चाय घेवन रवतंय. साखर कोणाक कमी?